एकगठ्ठा नसलेली मंडळी

सुरत म्हटलं की मराठी वाचकाला दोन गोष्टी हटकून आठवतात. एक, शिवाजी महाराजांच्या 1664 आणि 1670च्या स्वाऱ्या. दुसरी, 1907च्या डिसेंबरात जहाल-मवाळांच्या भांडणात उधळलं गेलेलं काँग्रेसचं अधिवेशन, ज्यात व्यासपीठाच्या दिशेनं एक मराठी जोडा भिरकावला गेला. फुटीचा धडा सुरतेला कुणी नव्यानं द्यायला नको. पण या शहरात आणि त्याच्या पाठीमागच्या तापी, डांग, वलसाड या पट्ट्यात राजकीय फुटीचा आणखी एक इतिहास आहे, तो इथल्या ख्रिस्ती माणसांचा. संख्येनं ही माणसं किरकोळ. 2011च्या जनगणनेत सगळ्या गुजरातेत मिळून 3,16,178 ख्रिस्ती भरले, म्हणजे लोकसंख्येच्या जेमतेम अर्धा टक्का. तरीही गेली पंचवीस-तीस वर्षं राज्याच्या राजकारणात त्यांचं नाव संख्येच्या मानानं फार मोठ्यानं घेतलं जातं.

श्रद्धा आणि राजकारण यांचा विषय निघाला की ख्रिस्ती घरांत बायबलचे दोन अध्याय पुढे येतात, आणि गंमत म्हणजे दोन्ही तेरावेच. रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय सत्तेचा मान राखायला सांगतो. प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायात सत्ता हे समुद्रातून वर येणारं श्वापद असतं. ज्याला जो सोयीचा तो त्यानं काढावा. मला त्याहून बारा शिष्यांची यादी जास्त कामाची वाटते. तिच्यात मत्तय हा रोमी व्यवस्थेतला जकातदार आहे आणि शिमोन जिलोत हा नावावरूनच त्या व्यवस्थेच्या कडव्या विरोधकांत मोडणारा. मत्तयानं जकातीचं नाकं सोडलं, हे खरं. पण या दोघांची मतं नंतर जुळली, असं शुभवर्तमानांत कुठे लिहिलेलं नाही. जेवायला मात्र दोघं एकत्र बसत.

गुजरातेतल्या ख्रिस्त्यांकडे जवळजवळ सगळेच पक्ष गठ्ठा म्हणून बघतात. कुणाला तो आपल्या खिशात हवा असतो, कुणाला धोका म्हणून व्यासपीठावरून दाखवायचा असतो. सुरतेची चारशे वर्षं चाळली तर असा गठ्ठा कधी बांधलाच गेला नव्हता, असं दिसतं. आणि त्यात ख्रिस्ती माणसांनी ओशाळण्यासारखं काही नाही, असं माझं मत आहे.

सुरुवातच भांडणानं झाली. 1612च्या अखेरीस सुवाळीच्या समुद्रात इंग्रज आणि पोर्तुगीज जहाजं एकमेकांवर तोफा डागत होती. दोन्ही बाजूंना एकाच ख्रिस्ताचं नाव घेणारे लोक होते. पुढे इंग्रज आणि डच हे दोघेही प्रॉटेस्टंट, पण व्यापारासाठी त्यांनी सतराव्या शतकात एकमेकांशी तीन युद्धं केली. सुरतेत कतारगामच्या बाजूला आजही इंग्रजांचं, डचांचं आणि आर्मेनियनांचं कब्रस्तान दिसतं. इंग्रजांनी ख्रिस्टोफर आणि जॉर्ज ऑक्सेंडन या भावांची घुमटांची दुमजली कबर उभारली. डचांनी हेंड्रिक व्हान रीडची कबर त्याहून डोळ्यांत भरेल अशी बांधली. मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलाबारिकस’ हा ग्रंथ सिद्ध करणारा तोच हा व्हान रीड, 1691 साली वारलेला. दफनविधीची प्रार्थना साधारण एकाच धाटणीची, पण मेल्यावरही राष्ट्र सुटलं नाही.

त्याच काळातली एक नोंद मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याची आहे. फ्रेंच प्रवासी बर्निये लिहितो की 1664च्या स्वारीत शिवाजी महाराजांनी कापुचिन पंथाच्या फादर अँब्रोझ यांच्या घराला धक्का लावला नाही, कारण हे पाद्री भले लोक आहेत असं त्यांच्या कानावर होतं. ही गोष्ट आपल्याकडे पुष्कळदा सांगितली जाते. तिच्या पुढचं वाक्य मात्र सहसा सांगितलं जात नाही. डचांच्या एका मयत हिंदू दलालाचंही घर वाचलं, तो हयातीत दानधर्म करणारा होता म्हणून. म्हणजे बर्नियेच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा तर फादरना झग्यानं वाचवलं नाही, वागणुकीनं वाचवलं.

एकोणिसाव्या शतकात चित्र बदललं. लंडन मिशनरी सोसायटीचे स्किनर आणि फायवी 1815 साली सुरतेत आले, त्यांनी छापखाना काढला आणि बायबलचं गुजराती भाषांतर इथे छापलं. शहर ढवळून निघालं. दुर्गाराम मेहताजींनी 1844 मध्ये मानव धर्म सभा स्थापन केली, आणि तिच्या संस्थापकांत आपले दादोबा पांडुरंग तर्खडकर होते, ते तेव्हा सुरतेत शिक्षक होते. मिशनऱ्यांच्या टीकेला उत्तर द्यायचं आणि त्याच वेळी स्वतःच्या समाजातली जातिभेद-अंधश्रद्धेची घाणही उपसायची, असा त्या मंडळींचा दुहेरी पवित्रा होता. पुढे दादोबांनी मुंबईत परमहंस सभा काढली आणि तिच्या वर्तुळातून आलेले बाबा पदमनजी 1854 मध्ये ख्रिस्ती झाले. वाद कडवा होता, पण तो वर्तमानपत्रांत आणि सभांत होत होता. कलेक्टरची परवानगी कुणी मागत नव्हतं.

1846 साली सुरतेचं ठाणं आयरिश प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं. इथे थोडं थांबायला हवं. हे मिशनरी ज्या अल्स्टरमधून येत, तिथलं प्रेस्बिटेरियन चर्च स्वतःच राजकारणानं चिरत चाललं होतं. सप्टेंबर 1912 मध्ये आयर्लंडच्या स्वराज्याच्या विरोधात ‘अल्स्टर कव्हेनंट’ या प्रतिज्ञापत्रावर सह्या झाल्या, त्या सह्या करणाऱ्यांत या चर्चचे धुरीण पुढे होते. त्याच चर्चमधले बॅलिमनीचे रेव्हरंड जे. बी. आर्मर मात्र स्वराज्याच्या बाजूनं शेवटपर्यंत उभे राहिले आणि आपल्याच लोकांचा रोष पत्करला. ज्यांच्या घरी हा वाद पेटला होता ते गुजराती ख्रिस्त्याला ‘राजकारणापासून लांब राहा’ असं शिकवत होते. शिकवणूक मनापासून असेल, पण तिच्यात सोयही होती. राज्य त्यांचं होतं.

दक्षिण गुजरातेत दुसरं मोठं मिशन अमेरिकन होतं: चर्च ऑफ द ब्रदरन. 1895पासून वलसाड आणि पुढे अंकलेश्वर, व्यारा, आहवा इथे त्यांच्या शाळा, दवाखाने, वसतिगृहं उभी राहिली. ब्रदरन ही युद्धाला नकार देणारी, शपथ न घेणारी शांतिवादी परंपरा. पण पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारनं परदेशी मिशनांकडून लेखी हमी मागितली. कायदेशीर सरकारचा आदर राखू आणि राजकारणात पडणार नाही, असा तिचा आशय. अशी हमी दिली की शाळा चालू राहते आणि तोंड बंद होतं. गांधींची चळवळ याच जिल्ह्यात शिगेला पोचली तेव्हा मिशनच्या आवारातला जो सावध शांतपणा दिसतो, त्याचं एक मूळ या कागदात आहे.

आणि चळवळ तर अंगणातच होती. बारडोलीचा सत्याग्रह 1928चा, सुरत जिल्ह्यातला. दांडीही तेव्हा सुरत जिल्ह्यातच मोडत होती. 1930च्या यात्रेत गांधींबरोबर साबरमतीहून निघालेल्या तुकडीत केरळातले टायटस हे एक ख्रिस्ती तरुण होते, आश्रमाची गोशाळा सांभाळणारे. व्हेरियर एल्विन पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातून आले होते. करबंदीच्या काळात लोक गावं सोडून बडोदा संस्थानात निघून गेले, तेव्हा एल्विन त्या ओसाड गावांतून हिंडले आणि जे पाहिलं ते छापून प्रसिद्ध केलं. पुढे नागपूरच्या बिशपांनी त्यांना धर्मगुरू म्हणून काम करण्याचा परवाना नाकारला. जे. सी. कुमारप्पा ‘यंग इंडिया’ चालवत होते. निःशस्त्र लोकांवर लाठ्या पडत असताना चर्च गप्प का, असा जाब त्यांनी धर्माधिकाऱ्यांना जाहीरपणे विचारला. टायटस, एल्विन आणि कुमारप्पा हे एका बाजूला, आणि हमीच्या कागदाशी बांधलेली मिशनं दुसऱ्या बाजूला. दोघांच्या हातात पुस्तक एकच. त्या काळी ख्रिस्त्यांचं एक मत काय होतं, असं विचारलं तर उत्तर नाही, आणि ते नसणं स्वाभाविक होतं.

मिशनच्या कुंपणाबाहेर, राणीमहाल या आदिवासी पट्ट्यातल्या गावांत, 1922-23 मध्ये देवीची चळवळ पसरली. पालघरच्या किनाऱ्याकडून देवी अंगात येत येत ती सुरतेपर्यंत गेली. दारू सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा, दारूच्या गुत्तेदाराकडे कामाला जाऊ नका, असे देवीचे हुकूम. काही महिन्यांत गावागावांत दोन तट पडले: नियम पाळणारे वरजेला आणि पुन्हा प्यायला लागलेले सरजेला. एका तटाच्या घरी दुसरा तट जेवेना. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी यावर अख्खं पुस्तक लिहिलं आहे. आज कुणी म्हणतं की मिशनरी यायच्या आधी आदिवासी गाव एकजीव होतं आणि बाप्तिस्म्यानं ते फोडलं. त्यांनी वरजेला-सरजेलांची हकिगत वाचावी. गावं पूर्वीही दुभंगत, आणि कालांतरानं पुन्हा सांधलीही जात.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर भारतातल्या ख्रिस्ती पुढाऱ्यांनी एक निर्णय घेतला, ज्याचं मोल मला फार वाटतं. 1932च्या जातीय निवाड्यानं ख्रिस्त्यांना वेगळे मतदारसंघ दिले होते. के. टी. पॉल यांनी त्याआधीच, गोलमेज परिषदेत, त्या कल्पनेला विरोध केला होता. संविधान सभेचे उपाध्यक्ष एच. सी. मुखर्जी स्वतः ख्रिस्ती होते. फादर जेरोम डिसोझाही सभासद होते. राखीव जागा सोडून देण्याच्या बाजूनं ही मंडळी उभी राहिली आणि 1949 मध्ये, वल्लभभाई पटेलांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा रद्द करायचं ठरवलं. आम्हांला गठ्ठा म्हणून मोजू नका, असं ख्रिस्ती पुढाऱ्यांनी आपण होऊन सांगितलं होतं. पुढच्या राजकारणानं ते ऐकलं नाही, हा भाग वेगळा.

आता सुरतेचे खासदार. मोरारजी देसाई 1957पासून 1980पर्यंत सुरतेतून निवडून येत राहिले. ते पंतप्रधान असताना डिसेंबर 1978 मध्ये ओ. पी. त्यागी यांनी लोकसभेत धर्मस्वातंत्र्य विधेयक आणलं. नावात स्वातंत्र्य, मजकुरात धर्मांतरावर निर्बंध. मोरारजींची सहानुभूती विधेयकाच्या बाजूनं होती. मदर तेरेसांनी त्यांना खुलं पत्र लिहिलं, देशभर ख्रिस्ती रस्त्यावर उतरले, आणि 1979 मध्ये सरकार पडल्यावर विधेयकही विरून गेलं. मोरारजी कडक गांधीवादी, वैयक्तिक आयुष्यात निर्मळ आणि दुसऱ्याच्या धर्मांतराबद्दल असहिष्णू. या तिन्ही गोष्टी एका माणसात असू शकतात, हे सुरतेच्या मतदाराला नवं नव्हतं.

गुजरातेत तशा धाटणीचा कायदा 2003 मध्ये आला. बाप्तिस्मा देणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी घ्यायची आणि घेणाऱ्यानं नंतर कळवायचं, अशी त्याची रचना. सक्ती, आमिष किंवा फसवणुकीच्या धर्मांतराला तीन वर्षांपर्यंत कैद, आणि स्त्री, अल्पवयीन, दलित किंवा आदिवासी असेल तर चार वर्षांपर्यंत. 2021च्या दुरुस्तीनं त्यात लग्नही ओढलं. त्याच ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयानं तिच्यातल्या काही कलमांना स्थगिती दिली. सक्तीनं धर्म बदलायला लावणं हा गुन्हा असावा, याबद्दल कुणा शहाण्या ख्रिस्त्याची तक्रार नसते. तक्रार आहे ती मनाच्या निर्णयाला कचेरीचा शिक्का लागण्याबद्दल. पाळक गावात दवाखान्याची सोय करतो, ते आमिष की सेवा? हे ठरवणारा माणूस मतदारसंघाच्या हवेकडे बघून ठरवणार, ही धास्ती खोटी नाही.

ही हवा डांगात तयार झाली. डांग म्हणजे नाशिक-नंदुरबारला खेटून असलेला डोंगराळ जिल्हा. भाषावार प्रांतरचनेच्या वेळी तो मराठी की गुजराती यावर दोन्ही बाजूंनी भांडणं झाली आणि 1960 मध्ये तो गुजरातेत गेला. 2011 मध्ये तिथे ख्रिस्ती सुमारे नऊ टक्के होते, राज्याच्या सरासरीच्या कितीतरी पट. 25 डिसेंबर 1998 रोजी, नाताळच्या दिवशी, आहव्यात हिंदू जागरण मंचाचा मोर्चा निघाला आणि त्यानंतरच्या दहा-एक दिवसांत जिल्ह्यातली दोन डझनांहून अधिक प्रार्थनास्थळं जाळली किंवा मोडली गेली. त्यांतली बहुतेक कुडाची, गवताची. 10 जानेवारी 1999 रोजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी डांगात आले आणि धर्मांतरावर राष्ट्रीय चर्चा व्हावी असं म्हणाले. जळलेल्या छपरांवर चर्चा काय करायची, असं तेव्हा अनेकांना वाटलं, आणि ते रास्तच होतं. दोन आठवड्यांत ओडिशात ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं जिवंत जाळली गेली. 2006च्या फेब्रुवारीत डांगातच शबरी कुंभ भरला आणि ‘घरवापसी’ हा शब्द घरोघर पोचला.

या सगळ्यात आदिवासी ख्रिस्त्याची अडचण शहरी ख्रिस्त्याहून वेगळी आहे. 1950च्या आदेशानुसार दलित माणूस ख्रिस्ती झाला की अनुसूचित जातीच्या सवलती जातात, आदिवासीच्या जात नाहीत. म्हणून आता जनजाती सुरक्षा मंचासारख्या संघटना ‘डीलिस्टिंग’ची मागणी करतात: धर्म बदललेल्यांना अनुसूचित जमातीच्या यादीतून काढा. ती मान्य झाली तर एका घरातला ख्रिस्ती भाऊ आदिवासी राहणार नाही आणि दुसरा राहील. गामित, चौधरी, वसावा, कोकणा यांच्या कितीतरी घरांत एका छपराखाली दोन्ही आहेत. लग्नाला, मर्तिकाला, नवं धान्य खाण्याच्या सणाला सगळी भावकी जमते, आणि कोण कुठे हात जोडतं ते बाजूला ठेवलं जातं. चूल एक आणि यादी दोन, असा हा पेच. मार्च 2025 मध्ये तापी जिल्ह्यातल्या सोनगढच्या रामकथेत मोरारीबापूंनी सरकारी शाळांमधल्या ख्रिस्ती शिक्षकांवर धर्मांतराचा आरोप केला, तेव्हा वर्गात शिकवणाऱ्या आदिवासी बाई-गुरुजींकडे बघण्याची नजर रातोरात बदलली असेल, तर त्यात नवल नाही.

पण ख्रिस्त्यांच्या आपसातल्या फुटीबद्दलही बोललं पाहिजे, नाहीतर हा आढावा निव्वळ गाऱ्हाणं होईल. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्च-परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. प्रेस्बिटेरियनांचे वारसदार तिच्यात गेले, ब्रदरनही गेले. काही ब्रदरन मात्र बाहेर राहिले आणि दक्षिण गुजरातेतल्या जमिनी, चर्च, आवारं कुणाची यावरून खटले उभे राहिले. सार्वजनिक न्यासाचा हा वाद धर्मादाय आयुक्तांच्या अखत्यारीतला आहे, असं 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. 2013 मध्ये पुन्हा निकाल आला, की नुसत्या ठरावानं एका न्यासाची मालमत्ता दुसऱ्याकडे जात नाही. शपथ न घेणाऱ्या, कोर्टापासून लांब राहणाऱ्या परंपरेची लेकरं चाळीस वर्षं प्रतिज्ञापत्रं करत राहिली. शेजाऱ्यावर प्रेम करायला सांगणाऱ्या पाळकानं शेजारच्या पाळकावर मनाई हुकूम आणावा, हे पाहून मंडळीतली तरुण पोरं चर्चला यायची थांबली तर दोष मोबाइलला देऊन भागणार नाही.

राजकारणात धर्मगुरूनं किती बोलावं, हा प्रश्न 2017 मध्ये उघड्यावर आला. विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, 21 नोव्हेंबरला, गांधीनगरचे आर्चबिशप थॉमस मकवान यांनी एक पत्र काढलं. माणुसकी जपणारे लोक निवडून यावेत यासाठी प्रार्थना करा, राष्ट्रवादी शक्तींपासून देशाला वाचवा, असा त्याचा रोख होता. निवडणूक अधिकाऱ्यांची नोटीस आली आणि प्रचारात पंतप्रधानांनी त्या पत्रावर टीका केली. 2002 मध्ये मुख्य निवडणूक आयुक्त लिंगडोह यांचं ‘जेम्स मायकल’ हे पूर्ण नाव सभेत कसं घोळवलं गेलं, हे ज्यांना आठवत होतं त्यांना या टीकेचं आश्चर्य वाटलं नाही. पत्रामागची काळजी खरी होती. पण मला तेव्हाही वाटलं आणि आताही वाटतं, की मतदानाच्या अठरा दिवस आधी ‘राष्ट्रवादी’ या शब्दाला शत्रू ठरवणं धर्मगुरूच्या लेखणीला शोभलं नाही. त्यानं गठ्ठ्याच्या समजाला हातभारच लावला. 1930 मध्ये चर्च गप्प बसलं होतं, 2017 मध्ये ते नको त्या वेळी बोललं. या दोन्हींच्या मधली जागा अहमदाबादच्या ‘प्रशांत’ केंद्राचे येशूसंघीय फादर सेड्रिक प्रकाश यांनी 2002च्या दंगलींनंतर काही काळ तरी दाखवली. मार खाणारे ख्रिस्ती नव्हते, मुसलमान होते, आणि तरी ते बोलले. ख्रिस्ती माणसाच्या राजकारणाची कसोटी, माझ्या लेखी, तिथे लागते. स्वतःचं छप्पर जळतं तेव्हा ओरडतातच सगळे.

पुढचा धक्का उलट दिशेनं आला. 2022च्या निवडणुकीत व्यारा मतदारसंघात भाजपनं मोहन कोकणी या ख्रिस्ती उमेदवाराला उभं केलं. सुमारे वीस वर्षांत गुजरातेत भाजपनं ख्रिस्ती माणसाला दिलेली ही पहिली उमेदवारी. समोर काँग्रेसचे पुनाजी गामित, तेही ख्रिस्ती, बरेचदा निवडून आलेले आमदार. व्यारा 2007पर्यंत सुरत जिल्ह्यातच होतं, मग तापी जिल्हा वेगळा झाला. कोकणी वीस हजारांहून अधिक मतांनी जिंकले. दुसऱ्या क्रमांकावर आम आदमी पक्ष, काँग्रेस तिसरी. भाजपला ही जागा पहिल्यांदाच मिळाली. दिल्लीतल्या विश्लेषकांनी याला कुणी विश्वासघात म्हटलं, कुणी हृदयपरिवर्तन. मला दोन्ही अतिशयोक्त वाटतात. रस्ता, सिंचन, वनजमिनीचा दाखला, जातीचा दाखला यांसाठी ज्या दारात जावं लागतं त्या दारात ओळखीचा माणूस असावा, हा हिशोब ख्रिस्ती आदिवासी इतर कुणाहीसारखा करतो. डीलिस्टिंगची टांगती तलवार असताना सत्ताधारी पक्षात आपला माणूस असणं म्हणजे शरणागती की शहाणपण, यावर व्याऱ्याच्या मंडळींत वाद होत असेल, तर तो व्हायलाच हवा.

सुरत शहरात तर 2024 मध्ये हा हिशोब करायची वेळच आली नाही. काँग्रेस उमेदवाराचा अर्ज बाद झाला, बाकीच्यांनी माघार घेतली आणि 22 एप्रिलला भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध खासदार झाले. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, जैन, सगळ्या सुरतकरांचं मत सारखंच न वापरता राहिलं. मतभेदांच्या या शहरात मतदानच झालं नाही.

आपल्या बाजूला यायचं तर सुरत-भुसावळ गाडीत बसलं की नवापूर लागतं, जिथलं स्टेशन अर्धं गुजरातेत आणि अर्धं महाराष्ट्रात आहे. उधना, लिंबायत भागात राहणारे खानदेशी याच मार्गानं आले, आणि बारडोलीकडच्या साखर कारखान्यांची ऊसतोड करणाऱ्या डांग-नंदुरबारच्या टोळ्याही. त्यांच्यातल्या ख्रिस्त्यांचा नाताळ ऐन हंगामात येतो, त्यामुळे तो फडातच साजरा होतो. नवापुरातलं वातावरणही आता गुजरातेसारखं होत चाललं आहे. जुलै 2025 मध्ये महाराष्ट्र विधानसभेत धुळे-नंदुरबार भागातली अनधिकृत चर्च सहा महिन्यांत पाडण्याचं आश्वासन महसूलमंत्र्यांनी दिलं. अनधिकृत बांधकामाची बाजू घेण्याचं कारण नाही. पण पाड्यांवर कागद तपासायला निघालं तर किती देवळं, समाजमंदिरं आणि पुढाऱ्यांची संपर्क कार्यालयं टिकतील, याचाही अंदाज घ्यायला हरकत नाही.

मराठी ख्रिस्त्यांकडे या बाबतीत मोठी शिदोरी आहे, पण ती आपण कवितासंग्रहांत आणि अभ्यासक्रमांत बंद करून ठेवली. ‘ज्ञानोदय’ 1842चा. पंडिता रमाबाई 1889च्या मुंबई काँग्रेसला प्रतिनिधी होत्या. नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि देवाचा दरबार मांडला, ख्रिस्ती राहून आणि देशाचा झेंडा खाली न ठेवता. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसईच्या चळवळीत जमीन बळकावणाऱ्यांशी आणि दहशतीशी पंगा घेतला, त्यात त्यांच्या बरोबर सगळ्या धर्मांचे वसईकर होते. 2020च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा केवळ झग्यावरून त्यांना विरोध झाला. गोव्याचं उदाहरण तर गठ्ठ्याच्या समजाला दोन्हीकडून छेद देतं. 1967च्या सार्वमतात कॅथलिक मतं महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाविरुद्ध मोठ्या प्रमाणात एकवटली. त्याच समाजानं 2012 मध्ये मनोहर पर्रीकरांच्या भाजपचे कॅथलिक उमेदवार निवडून दिले. विलीनीकरण हुकल्याचं दुःख करणाऱ्या मराठी माणसानं पहिली गोष्ट लक्षात ठेवली आणि दुसरी विसरली.

यिर्मया संदेष्ट्यानं बाबेलला नेलेल्या बंदिवानांना पत्र पाठवलं होतं: त्या परक्या शहरात घरं बांधा, बागा लावा, आणि त्या शहराच्या भल्यासाठी झटा. सुरतेत परगावाहून येऊन राहिलेल्या कुठल्याही माणसाला ते पत्र समजेल. पण शहराचं भलं कशात, यावर दोन प्रामाणिक ख्रिस्त्यांची मतं वेगळी असणार, आणि ती तशी राहू देण्याचं बळ मंडळीत हवं. काही मंडळ्यांत आता सत्तेच्या बाजूनं बोलणारा सभासद संशयानं बघितला जातो, काहींत विरोधात बोलणाऱ्याला ‘आपल्याला त्रास होईल’ म्हणून गप्प केलं जातं. दोन्हीकडे भीती एकच आहे.

भीतीच्या बाहेरचं राजकारण या पट्ट्यानं अलीकडेच पाहिलं. पार-तापी-नर्मदा नदीजोड प्रकल्पात डांग, वलसाडमधली आदिवासी गावं बुडणार होती. उकाईच्या धरणानं विस्थापित झालेल्यांच्या आठवणी ताज्या होत्या. 2022च्या सुरुवातीला मोर्चे निघाले आणि त्यांत ख्रिस्ती, हिंदू, देवमोगरा मातेला मानणारे, सगळेच होते. बुडिताखाली जाणाऱ्या शेताला धर्म नसतो. मे महिन्यात मुख्यमंत्र्यांनी प्रकल्प रद्द केल्याचं जाहीर केलं. डिसेंबरात मतदान झालं, तेव्हा त्याच पट्ट्यातल्या वांसद्यातून आंदोलनाचे नेते अनंत पटेल काँग्रेसचे आमदार झाले आणि व्याऱ्यातून मोहन कोकणी भाजपचे.